दीड फूट पाणी

लाकूड जागच्या जागी होतं, आणि त्याच्या पोटाशी बांधलेला दगड नव्हता.

केशवरावांनी चहाचा कप टीपॉयवर ठेवला, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. काचेच्या टाकीत रोजच्यासारखे बुडबुडे वर जात होते. चार मॉली आणि डझनभर गप्पी सकाळचं खाणं आटोपून लाकडाच्या खोबणीतून आत-बाहेर करत होते. हातभर लांबीचं, एका टोकाला फाटा फुटलेलं ते लाकूड वाळूवर निवांत पडलेलं होतं. गेले नऊ महिने त्याच्या खाली मुठीएवढा काळा दगड तंगुसाने, म्हणजे मासे धरायच्या त्या नायलॉनच्या दोऱ्याने, करकचून बांधलेला असायचा. आता तिथे नुसती वाळू होती. एक गप्पी त्या मोकळ्या जागेतून आरपार निघून गेला. दगड सुटला असेल तर लाकूड वर यायला हवं होतं. एकतीस वर्षं लोणावळ्याच्या शाळेत त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं होतं. लाकूड पाण्यावर का तरंगतं, हे आठवीच्या किती तुकड्यांना फळ्यावर आकृती काढून सांगितलं असेल याची गणती नाही. आणि हे लाकूड दगडाशिवाय मुकाट्याने खाली बसलं होतं. म्हणजे त्याला दगडाची गरज उरली नव्हती, कधीपासून उरली नव्हती कोण जाणे. दगड गेल्याची धास्ती तर होतीच, पण त्या क्षणी केशवरावांना खरा राग आला तो त्या लाकडाचा.

घरात कुणी नव्हतं. श्रीयश, त्यांचा मुलगा, सात वाजताच तळेगावच्या कारखान्याच्या बसला गेला होता आणि सून श्रद्धा तिच्या बँकेत. त्यांनी श्रद्धाला फोन लावला. मागून नोटा मोजायच्या यंत्राची फडफड ऐकू येत होती. "बाबा, काल दुपारी तुम्ही झोपला होतात ना, तेव्हा टाकी धुतली आम्ही," श्रद्धा म्हणाली. "तंगूस कापून बघितला, तर लाकूड बसूनच राहिलं. पाणी पिऊन पिऊन जड झालंय आता. दगडाला शेवाळ धरलं होतं, नुसता बुळबुळीत. काढून टाकला." "कुठे टाकला?" "नंदाबाईंनी मागे टाकला असेल, घाण पाण्याबरोबर. का हो? दगड हवाय का? आणून देईन की दुसरा." "नाही, नाही," केशवराव म्हणाले, "सहज विचारलं." सहज हा शब्द ते नेहमी अशाच वेळी वापरत, जेव्हा जीव टांगणीला लागलेला असे. त्यांच्या बायकोला, रजनीला, हे माहीत होतं. रजनी असती तर तिने त्या 'सहज'वरून पुढचं सगळं ओळखलं असतं.

पण तो दगडच रजनी होती. निदान केशवरावांच्या लेखी तरी होती, आणि ही गोष्ट दोन वर्षांत त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. स्मशानात श्रीयशच्या खांद्यावरचं मडकं ज्या दगडाने फोडलं, तो हा दगड. गुरुजी त्याला अश्मा म्हणत होते, खेड्यातली माणसं जीवखडा म्हणतात. गेलेल्या माणसाचा जीव म्हणे दहा दिवस त्या खड्यात राहतो. रोज त्याच्यावर तिळाचं पाणी घालायचं आणि दहाव्या दिवशी तो वाहत्या पाण्यात सोडून द्यायचा, म्हणजे माणूस पुढच्या वाटेला लागायला मोकळा होतो. श्रीयशच्या समजुतीप्रमाणे त्याने तो इंद्रायणीत सोडला होता. आई केव्हाच मोकळी झाली, असं धरून तो कामाला लागला होता, हसायला लागला होता. आणि आई इथे, बैठकीच्या खोलीत, फिल्टरच्या शेजारी नऊ महिने एका लाकडाला बांधलेली होती.

घाटावर त्या दिवशी तीन घरची माणसं होती आणि गुरुजी एकच. ते मंत्र म्हणता म्हणता फोनवर चौथ्यांना वेळ देत होते. श्रीयश मुंडण केलेल्या डोक्याने, ओलेत्याने पायरीवर उभा होता. "बाबा, जरा धरता?" म्हणून त्याने उपरण्यात गुंडाळलेला दगड केशवरावांच्या हातात दिला आणि तो अंगावरून पाणी घ्यायला खाली उतरला. उन्हाने दगड कोमट झाला होता. केशवरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, कधीच नव्हता. रजनीच्या चतुर्थ्यांची त्यांनी चाळीस वर्षं थट्टा केली होती. पण खालच्या पायरीपाशी नदी काळी दिसत होती, तिचा तळ दिसत नव्हता, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट आली: ती पाण्याला भिते. बाकी सगळं, पुनर्जन्म, पुढची वाट, ते काही त्यांना कळत नव्हतं. ती पाण्याला भिते आणि हे लोक तिला आता पाण्यात टाकणार, एवढं मात्र कळलं. पायरीच्या कडेला तेवढ्याच आकाराचा एक दगड पडला होता. तो त्यांनी उचलून उपरण्यात गुंडाळला आणि रजनीला पँटच्या खिशात टाकलं. साऱ्या नोकरीत ज्या माणसाने एका पोराला कॉपी करू दिली नाही, त्याने हे केलं, आणि हात जरासुद्धा अडखळला नाही. श्रीयशने तो दुसराच दगड दोन्ही हातांनी नदीत सोडला आणि तो हुंदके देऊन रडला. केशवराव त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरा हात खिशात होता.

ते मागच्या दारी गेले. जास्वंदीच्या बुडाशी धुतलेल्या वाळूचा ओला ढीग होता. त्यात दगड नव्हता. मग ते कुंपणाच्या कडेने गुडघ्यांना सांभाळत, वाकून वाकून शोधू लागले. मावळात काळ्या दगडांना काय तोटा? पाण्याच्या टाकीखाली दगड, तुळशीवृंदावनाच्या मागे दगड, शेजारच्या बंगल्याचं काम चाललं होतं तिथला सबंध ढीग. एकेक उलटा करून ते बघत होते. रजनीच्या दगडावर एका बाजूने पांढरी शीर होती, सुपारी कातरल्यावर आत दिसते तशी, वाकडीतिकडी. ती कशातच नव्हती. माघाचं कोवळं ऊन पाठीवर पडत होतं आणि सगळं फार शांत होतं. सोमवार असल्यामुळे तुंगार्लीच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या नव्हत्या. कुठेतरी कुणीतरी गालिचा झटकत होतं. केशवरावांना वाटलं, आपण स्वप्नात आहोत आणि स्वप्नात नेहमी असतं तसं काहीतरी शोधतो आहोत, जे सापडलं तर जाग येईल. त्यांनी एक दगड हातात घेऊन उगीचच गालाला लावून बघितला. तो गार होता आणि परका होता.

टाकी श्रीयशने आणली होती, रजनी गेल्यावर चार महिन्यांनी, विरंगुळा म्हणून. तोवर दगड कपाटात हातरुमालांच्या खाली होता आणि केशवरावांना त्याचं वाईट वाटत असे. कपाटातला अंधारही तिला आवडला नसता. लाकूड आलं गेल्या मे महिन्यात. तुंगार्लीचं तळं आटून कडेची माती भेगाळली होती आणि त्या भेगांमध्ये ते अडकून पडलं होतं, पाण्याने आणि उन्हाने गुळगुळीत केलेलं, राखाडी. कुठल्या झाडाचं, काही कळत नव्हतं. ते काखेत मारून घरी आले तेव्हा श्रद्धा म्हणाली, "बाबा, जळण कशाला आणलंत?" त्यांनी ते ब्रशने घासलं, रजनीच्या मोठ्या पातेल्यात तीनदा उकळलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. टाकीत सोडलं, तर टुणकन वर. मग पंधरा दिवस पिंपात, वर पाटा ठेवून, दाबून ठेवलं. तरी वर. श्रीयशने हवा दाबून चिकटणाऱ्या रबरी वाट्या आणून लाकूड काचेला अडकवलं. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना फटकन आवाज झाला आणि लाकूड पाण्याबाहेर डोकं काढून उभं राहिलं. श्रीयश हसत म्हणाला, "खाली शहाबादी फरशीचा तुकडा स्क्रूने बसवू. वरून वाळू टाकली की दिसणारही नाही." तोच उपाय बरोबर होता. केशवरावांना तो चांगला ठाऊक होता. पण तोंडातून निघून गेलं, "नको. माझ्याकडे दगड आहे."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना त्यांनी तो कपाटातून काढला, बाजारातून आणलेल्या तंगुसाचे आठ वेढे दिले आणि हलक्या हाताने दोघांना मिळून पाण्यात सोडलं. लाकूड वर ओढत होतं, दगड खाली. थोडा वेळ दोघं पाण्याच्या मध्यावर डुलत राहिले, मग सावकाश वाळूवर टेकले. केशवराव खुर्ची ओढून समोर बसले. पाणी दीड फूट. उभी राहिली असती तर गुडघ्याच्या वर आलं नसतं. वर दिवा होता, मासे होते, चारी बाजूंनी घर दिसत होतं. शास्त्राप्रमाणे पाण्यात सोडणंही झालं आणि बुडवणंही झालं नाही, असा हा तोडगा काढल्याबद्दल त्यांना स्वतःचं कौतुकच वाटलं. त्यानंतर दुपारच्या दुपार ते तिथे बसत. लाकडाचा रंग उतरून पाणी हळूहळू तांबूस होत गेलं. त्या तांबूस उजेडात डोळे अर्धवट मिटले की खोली आणि टाकी यांच्यामधली काच जाग्यावर राहत नसे. मासे पुस्तकांच्या कपाटापाशी यायचे, सोफ्याखालून जायचे. रजनी स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणायची आणि तो आवाज बुडबुड्यांसारखा वर जाऊन फुटायचा. "भीती नाही ना वाटत?" असं ते मोठ्याने विचारत. नंदाबाई पुसायचं फडकं घेऊन मागून जायची आणि काही ऐकलं नाही असं दाखवायची.

रजनीची भीती त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती लग्न झालं त्या वर्षी. याच तळ्यावर. संध्याकाळी फिरायला आले होते. तिचं माहेर परंदवडीचं, पवनेच्या काठचं, पण नदीच्या गोष्टी तिने फारशा कधी सांगितल्या नाहीत. ती चपला काढून पाण्यात घोट्यापर्यंत गेली, मग आणखी दोन पावलं. केशवरावांनी हाक मारली. जरा जोरातच मारली असेल. ती वळली, त्यांच्याकडे बघितलं, परत आली आणि तिने त्यांचा हात धरला. तिचा हात लटलट कापत होता. "नको बाई," ती म्हणाली, "मला पाण्याची भीती वाटते." तेव्हापासून ते तिला जपत आले. सहलीला गेलं की ती काठावर, ते तिच्यासोबत काठावर. लोक विचारत, तेव्हा ते कौतुकाने सांगत, "हिला पाणी सोसत नाही." केशवरावांना स्वतःलाही पाण्याचं फारसं सुख नव्हतं. तळेगावच्या घरामागच्या विहिरीत त्यांचा थोरला भाऊ गेला तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि विहिरीच्या काठावर होते. पण ते वेगळं, ते फार जुनं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एका गोष्टीबद्दल त्यांची खात्री होती. रजनीच्या मनातलं बाकी काही आपल्याला कळलं असो-नसो, तिची भीती आपल्याला कळली आणि आपण ती सांभाळली.

नंदाबाईचा फोन लागत नव्हता आणि आज तिची खाडा करायची पाळी होती. केशवराव रिक्षात बसून कुसगावला निघाले. शोधायला जायचं तर घाई हवी, पण रिक्षा हळू चालली तर बरं, असं त्यांना वाटत होतं. नंदाबाई म्हणाली, तो होय, नाल्यात टाकला, तर मग काय? हायवेच्या पुलाखाली सावली आली आणि गेली. हॉटेलांच्या बंद पाट्या, धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींच्या रांगा, रिसॉर्टच्या रिकाम्या तलावात झाडू मारणारा माणूस. आपण बायकोला शोधत चाललो आहोत, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना हसू आलं नाही. घाटावर जी भीती वाटली नव्हती ती आता वाटत होती. तेव्हा ती खिशात होती. आता ती कुठे आहे हेच माहीत नव्हतं, आणि माणूस गेल्यावर असंच वाटायचं असतं, जे त्यांनी दोन वर्षं वाटू दिलं नव्हतं.

नंदाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. पस्तीस वर्षं ती त्यांच्या घरी येत होती, लग्न होऊन कुसगावात आली तेव्हापासून. ती उठली, पदर सारखा केला. "सर, तुमी कशापायी आलात उन्हाचं? मी उद्या येनारच व्हते की." "नंदाबाई," केशवराव उभ्याउभ्याच म्हणाले, "काल टाकीतला दगड–" "हाय," ती म्हणाली. "बसा आदी." तिने पाण्याचा तांब्या दिला आणि ती अंगणातल्या तुळशीपाशी गेली. तिथे पालथी घातलेली पितळी वाटी तिने उचलली. खाली दगड होता, स्वच्छ घासलेला, पांढरी शीर वर करून ठेवलेला. केशवरावांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि ते ओट्यावर बसले. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"घरात न्हाई ठिवत असलं," नंदाबाई म्हणाली. "म्हनून तुळशीपाशी ठिवला."

"तुम्हाला कळलं होतं?"

"पैल्याच दिशी. ही पांडरी रेघ हाय न्हवं? धा दिस तुमच्या अंगनात व्हता, मीच तर झाडत व्हते तितं. मग टाकीत दिसला, तवा वळीकला."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू, आन कुनापाशी बोलू? म्हनलं, सरास्नी जड जातंय. जाईल थोड्या दिसानं." तिने हातातली वाटी ओट्यावर ठेवली. "पन लय दिस झालं, सर. काल ताईनी टाकून द्या म्हनलं, तवा माजा जीव गलबलला. बाई अशा उकिरड्यावर कशा टाकायच्या?"

केशवराव दगडावरून अंगठा फिरवत राहिले. आता सांगायलाच हवं होतं. "ती पाण्याला फार भ्यायची, नंदाबाई. नदीत सोडवेना मला. खोल होतं तिथे. म्हणून घरी आणली. टाकीत पाणी थोडं असतं ना."

नंदाबाईने त्यांच्याकडे बघितलं. तिला आधी हसू फुटलं, मग तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडवेली झाली. "कोन? बाई पान्याला भ्याच्या?" ती म्हणाली. "आवं सर, घट बसायच्या आदी गोधड्या धुवायला आमी दोगी तळ्यावर जायचो. तुमी साळंत. गोधड्या वाळत घातल्या की बाई साडीचा काचा मारून शिरायच्या पान्यात. पार मधल्या खडकापतुर जायच्या, आन तितं उताण्या पडून ऱ्हायच्या. मी काठावरनं हाका मारून दमायची. श्रीयशदादाला कुनी शिकीवलं पवायला? त्यांनीच. पाटीला सुका भोपळा बांदून."

"श्रीयशला तर शाळेच्या शिबिरात पोहायला–"

"तसं तुमास्नी सांगायचं ठरलं व्हतं." ती खाली बघत म्हणाली. "बाई म्हनायच्या, सरास्नी कळलं तर साळंत ध्यान लागायचं न्हाई त्यांचं. त्यांना लय भ्या वाटतं. भावाचं झालं तसं हुईल म्हनून. मीच भिते आसं म्हनलं की त्यांना बरं वाटतं."

लसणाची सालं वाऱ्याने ओट्यावरून सरकत होती. त्यांना ती तळ्याच्या मधोमध उताणी पडलेली दिसली, दुपारच्या अडीच वाजता, आठवी 'ब'च्या तासाला, जेव्हा ते फळ्यावर पाणी आणि लाकूड काढत होते. केस पसरलेले, कान पाण्याखाली, नजर आभाळात. त्यांच्याशिवाय. इतकी वर्षं, दर वर्षी. त्यांना तिचा राग आला, हेवा वाटला, आणि मग आपण तिला किती उथळ पाण्यात ठेवलं याची लाज वाटली. ज्या बाईला तळं पुरत नव्हतं तिला त्यांनी नऊ महिने गुडघाभर पाण्यात, एका लाकडाखाली, आठ वेढे देऊन बांधून ठेवलं होतं. आणि रोज तिला विचारत होते, भीती नाही ना वाटत.

"ह्यो खडा दादानं सोडायचा, सर," निघताना नंदाबाई म्हणाली. "आग्नी त्यानं दिलाय. त्येला सांगावं लागंल तुमास्नी."

सांगणं सोपं नव्हतं. संध्याकाळी श्रीयश कारखान्यातून आला, हातपाय धुऊन टेबलाशी बसला, तेव्हा केशवरावांनी दगड त्याच्या ताटाच्या शेजारी ठेवला आणि मान खाली घालून, शिक्षा झालेल्या पोरासारखं, सगळं सांगितलं. श्रद्धा पोळीचा डबा हातात धरून तशीच उभी राहिली. श्रीयशने दगडाला हात लावला नाही. "म्हणजे नदीत मी काय सोडलं?" त्याने विचारलं.

"घाटावरचा दगड होता."

"मी त्याच्याशी बोललो होतो, बाबा. सोडताना. मी त्याला आई म्हणालो."

तो उठून बाल्कनीत गेला. केशवरावांना वाटलं, आता हा मुलगा आपल्याला कधी क्षमा करणार नाही, आणि करू नये. श्रद्धाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती आत गेली. बऱ्याच वेळाने श्रीयश परत आला आणि टाकीसमोर जमिनीवर बसला. डोळे लाल होते. तो लाकडाकडे बघत होता. "तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं?" तो म्हणाला. आवाजात राग होता, पण नुसता राग नव्हता. "आई म्हणायची, एकदा तुझ्या बाबांना पाण्यात उतरवायचंय. एकदाच. तळ्यावर न्यायची तुम्हाला, आठवतं? फिरायला म्हणून."

"मग कधी म्हणाली कशी नाही?"

"तुमचा हात धरला की तो कापायचा म्हणे. इतका की तिचा पण हलायचा. मग ती म्हणायची, नको, मलाच भीती वाटते. आणि तुम्हाला घेऊन परत यायची."

केशवरावांनी आपले हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. लग्नाच्या वर्षातली ती संध्याकाळ, तो लटलट कापणारा हात. इतकी वर्षं तो तिचा होता. त्यांनी तो तिचा म्हणून जपला होता, त्याच्यावर आपलं सगळं प्रेम उभं केलं होतं. तिनेही तो आपलाच आहे असं म्हणून चव्वेचाळीस वर्षं हातात धरला होता. "शनिवारी सुट्टी आहे मला," श्रीयश म्हणाला. "सकाळी जाऊ. पण तुम्ही काठावर थांबायचं नाही."

शनिवारी आठ वाजता ते तळ्यावर गेले. नंदाबाई टॉवेल घेऊन काठाशी उभी राहिली. पाण्यावर धुकं होतं, सूर्य त्याच्यातून नुसता पांढरा दिसत होता आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. श्रीयशने हात पुढे केला. केशवरावांनी तो धरला. त्यांच्या उजव्या मुठीत दगड होता. पाणी घोट्यांना लागलं आणि ते थांबले. छाती धडधडत होती, सहा वर्षांच्या पोराची धडधड, विहिरीच्या काठावरची. त्यांचा हात कापायला लागला. श्रीयशचाही त्याच्याबरोबर हलायला लागला. "कापतोय," केशवराव म्हणाले. "माझा." "कापू दे," श्रीयश म्हणाला. गुडघे, मांड्या, कंबर. पायाखालचा गाळ बोटांमधून वर येत होता. थंडीने श्वास अडकत होता आणि कुठल्याशा पावलाला त्यांच्या लक्षात आलं की आपण अजून चालतो आहोत. पाणी छातीला लागलं तेव्हा श्रीयश उभा राहिला.

केशवरावांनी मूठ त्याच्यापुढे धरली. "घे. तू पुढे जा. त्या मधल्या खडकापाशी सोड."

श्रीयशने मान हलवली. "मी एकदा सोडलंय, बाबा. मला ते परत नाही करता येणार. तुम्ही सोडा."

काठावरून नंदाबाईने काहीतरी हाक मारली, ती धुक्यात विरली. केशवरावांनी मूठ पाण्याखाली नेली आणि उघडली. दगड गेला नाही. उघड्या तळव्यावर तो तसाच बसून राहिला, पांढरी शीर वर, पाण्यातून अगदी स्वच्छ दिसत होती. ते त्याच्याकडे बघत राहिले. श्रीयशने त्यांचा दुसरा हात सोडला नाही. खूप वेळ गेला.

मग त्यांनी तळवा पालथा केला.